पहिला चमचा आबाजींचा

त्या पावडरचा वास कसा होता ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हे सगळं घरच बह्याड आहे. उकडलेले बटाटे पोत्यात बांधून ठेवा, पोतं ओलं करा आणि आठवडाभर गावाला जा. आल्यावर पोतं उघडा. बस, तो वास. चव त्याहून वाईट, कारण वासापासून निदान गॅलरीत पळून जाता येतं. जिभेवर ठेवलं की आधी खारट लागायचं, मग आंबूस, आणि चला, गिळून झालं एकदाचं, असं वाटलं की मागून कारलं यायचं.

हे माझ्या पोरीचं जेवण होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

पोरगी आमच्या घरी आली तेव्हा पाच महिन्यांची होती. आम्ही तिला दत्तक घेतलं. किती वर्षं वाट पाहिली, कोणकोणत्या दारात बसलो, ते काही मी इथे उगाळत नाही. फोन आला, मी आणि नवरा संस्थेत गेलो, आणि येताना तिघं होतो. नागपूरच्या बर्डीवर, भर बाजारात, आमचं मोबाईलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं बोटभर दुकान आहे. ते बंद ठेवलं. आजूबाजूच्या दुकानवाल्यांनी पेढे मागितले, आम्ही वाटले. घरात नुसती दुधाची रेलचेल होती, आणि पोरीला नेमकं दूधच सोसेना.

अंगावर लाल चट्टे आले. पोट ढोलासारखं फुगायचं. प्यायलेलं सगळं माझ्या खांद्यावर परत यायचं. एका सकाळी लंगोटात रक्ताचा धागा दिसला. तशीच तिला उचलून धंतोलीतल्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडम शांत बाई. म्हणाल्या, गाईच्या दुधातलं प्रोटीन हिला चालत नाही, घाबरू नका, बऱ्याच मुलांचं मोठं होता होता सुटतं. तोपर्यंत ही खास पावडर द्या. यात ते प्रोटीन तोडून तोडून इतकं बारीक केलेलं असतं की पोटाला ते दूध आहे हे ओळखूच येत नाही.

"चव थोडी वेगळी असते," जाता जाता मॅडम म्हणाल्या. सुई टोचताना 'थोडं दुखेल' म्हणतात ना, तोच आवाज.

आता मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या कँटीनमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. कढईएवढी कढई नाही, टाकीएवढी कढई ढवळणारा माणूस. तिथे त्यांचा एक नेम होता. पातेल्यातलं पहिलं त्यांचं. पळीभर तळहातावर घ्यायचं, चाटायचं, आणि त्यांनी मान हलवली तरच ते बाहेर जायचं.

"माणूस शिफ्ट करून येते, उपाशी असते," ते सांगायचे. "त्याच्यापुढं न चाखलेलं ठेवाचं नाही. ते पाप आहे."

रिटायर झाले, सासूबाई गेल्या, खापरखेड्याची कॉलनी सुटली, मामाजी आमच्याकडे नागपूरला राहायला आले, पण नेम सुटला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या वरणाच्या पातेल्यापाशी येऊन तळहात पुढे करून उभे राहिले. मला वाटलं, हा काय प्रकार आहे, माझी परीक्षा घेऊन राहिले का हे? मी पळी अशी ठेवली तळहातावर, की चटकाच बसावा. बसला. ते म्हणाले, "मीठ बराबर आहे." तेव्हापासून आमचं जमलं.

आणि बिघडलेलं असलं तर मामाजी कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांचं तोंडच सांगतं. आधी डावा डोळा मिटतो. मग नाक उजवीकडे सरकतं. मग खालचा ओठ बाहेर येतो, मान दोनदा झटकली जाते आणि शेवटी घशातून 'ह्याऽऽ' असा आवाज येतो. हे तोंड खानदानी आहे. माझ्या नवऱ्याचं अगदी तस्सं होतं. काटोलच्या आत्याबाई, म्हणजे मामाजींची मोठी बहीण, तिचंही तस्संच. लग्नात माझ्या आईच्या हातची कढी तिघांनाही आंबट लागली होती. एका रांगेत जेवायला बसले होते, आणि तिघांचे डावे डोळे एकदम मिटले. माझी आई अजून ते विसरलेली नाही.

तर पावडरचा पहिला डबा उघडला. पाणी उकळून कोमट केलं, मापाच्या चमच्याने पावडर घातली, ढवळली. पोरगी माझ्या मांडीवर. मामाजी समोर आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

"मामाजी, हे लेकराचं आहे."

"लेकराचं आहे म्हणूनच तं."

मी दोन थेंब टाकले. त्यांनी चाटले.

काय सांगू बाप्पा! डावा डोळा तर मिटलाच, पण उजवाही अर्धा गेला. नाक पार कानाकडे निघालं. मान दोनदा नाही, चारदा हलली. 'ह्याऽऽ' असा निघाला की खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने उत्तर दिलं. पोरगी हे सगळं डोळे विस्फारून पाहत होती. तिने आधी मामाजींकडे पाहिलं, मग चमच्याकडे पाहिलं, आणि तोंड असं घट्ट मिटलं की ओठच दिसेनात.

ते तोंड मग उघडलंच नाही. बाटली लावली, तिने मान फिरवली. वाटी-चमचा केला, तिने चमचा उडवला. अर्धवट झोपेत असली की चार घोट जायचे, जागी झाली की संपलं. चट्टे कमी झाले, रक्त थांबलं, पण पोरगी सुकायला लागली. माझ्या तर जिवाला घोर लागला.

मामाजींचं निदान वेगळंच होतं. त्यांच्या मते माल खराब होता. "हे आंबलं आहे," ते म्हणाले. "मी इतके वर्ष कँटीन चालोली, मले नको सांगू." मी आंघोळीला गेलेली पाहून ते उघडलेला डबा पिशवीत घालून सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. पुढचं मला त्या मेडिकलवाल्यानेच सांगितलं. मामाजींनी काउंटरवर डबा ठेवला आणि म्हणाले, बदलून दे. तो म्हणाला, काका, तारीख पहा, ताजा आहे. हे म्हणाले, तारीख कायले पाहू, तू चाखून पाह्य. तो नको नको म्हणत असताना यांनी चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. त्याने इज्जतीखातर चाटली. मग तो पाणी प्यायला मागे गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याने दुसरा डबा फोडला आणि स्वतःहून म्हणाला, काका, आता हाही चाखा. दोन्ही सारखेच निघाले. मामाजी डबा घेऊन परत आले आणि सोफ्यावर बसून राहिले.

"असंच येते म्हणते तो," ते म्हणाले. "बनोतेच असं. आता बोल."

त्यानंतर त्यांनी सुधारणेचं मनावर घेतलं. आचारी तो आचारी. एकदा मी स्वयंपाकघरात आले तर एका हातात पोरीची वाटी आणि दुसऱ्या हातात हिंगाची डबी. मी इतक्या जोरात ओरडले की डबी खाली पडली आणि घरभर हिंग झाला.

"मामाजी! डॉक्टरनं काय सांगतलं? काहीच मिसळाचं नाही!"

"अवं, थोडीशी. पोटालेच चांगला असते हिंग."

"इलायचीची पूड लपून ठेवली आहे का कुठी?"

त्यांनी खिसा दाबून धरला. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, पुडी निघाली. सुनेने सासऱ्याची झडती घ्यायची वेळ आली, म्हणजे पहा.

त्याच आठवड्यात काटोलहून आत्याबाई आल्या, संत्र्याची पिशवी घेऊन. पोरीला पाहायला. आता आपल्याकडे लेकरू पाहायला येणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. मांडीवर घ्यायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, आणि नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, कानाची पाळी कोणाची, याची वाटणी करायची. आत्याबाईंना सगळं माहीत होतं, फोनवर मीच सांगितलं होतं. तरी बाईचा हात काही थांबला नाही. सवयच ती. त्यांनी पोरीला उजेडात धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"नाक आपल्याकडचं नाही," त्या म्हणाल्या. "कान... नाही. कानही नाही. गोड आहे बाकी पोट्टी. पण कोणावर गेली म्हणाव वं हे?"

"स्वतःवर गेली, आत्याबाई," मी म्हटलं, आणि आत जाऊन चहाचं भांडं असं आदळलं की त्याला पोचा आला. तो अजून आहे. त्या काही वाईट बाई नाहीत. पण मला लागलं. सरळ सांगते, खूप लागलं. एक तर पोरगी माझ्या हातून एक चमचा घेईना. कुठेतरी मनात येत होतंच की हिला कळत असेल का, हे आपले नव्हेत म्हणून. आणि त्यात हे.

पोरीला पुन्हा मॅडमकडे नेलं. वजन घटलं होतं. मॅडमचा आवाज शांतच होता, पण या वेळी 'थोडं' हा शब्द त्यात नव्हता. सोमवारपर्यंत पाहू, म्हणाल्या. जागेपणी नीट प्यायला लागली नाही तर भरती करावं लागेल, आणि नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल. मी तिचं नाक पाहिलं. माझी करंगळी त्यात गेली नसती, आणि हे लोक नळी घालणार होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "हे सगळं तोंडाचं काम आहे."

"म्हणजे?"

"पोट्टी आपले तोंडं पाहून राहिली. बाबा चाखते, तोंड वाकडं करते, तिले वाटते हे जहर आहे. कोणीतरी सरळ तोंडानं पिऊन दाखोलं पाहिजे."

बोलणं मला पटलं. आणि सरळ तोंडाच्या बाबतीत आमच्या घरात नवऱ्याइतका तयार माणूस नाही. बर्डीवर भाव सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, हे कव्हर शेजारी अर्ध्या भावात आहे, तर हा बुद्धासारखा शांत बसतो. तो पोरीसमोर बसला, चमचा तोंडात घातला, हसला, आणि "वा!" म्हणाला. वा म्हणेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मागून कारलं आलं. मी सांगितलंच होतं, ते मागून येतं. डावा डोळा फडफडायला लागला. त्याने तो बोटाने दाबून धरला, तर नाक निघालं. पोरीने तोंड मिटलं आणि माझ्या पदरात लपवलं.

मग आत्याबाई म्हणाल्या, हटा, मी पाहतो. ज्या बाईने कडुनिंबाच्या रसावर चार लेकरं वाढवली तिला काय होणार? तिला तेच झालं. उलट बहीण-भावात तिचंच तोंड मोठं निघालं. मी स्वतः न्हाणीघरात आरशासमोर चमचा घेऊन सराव केला. चेहरा सरळ राहिला, पण डोळ्यांतून पाणी आलं, आणि रडणाऱ्या आईच्या हातचं कोण पिणार?

शेवटी मी मामाजींना चाखायची बंदी केली. ती मात्र त्यांच्या जिव्हारी लागली. ज्याने कधी आवाज चढवला नव्हता, तो माणूस गॅलरीत खुर्ची टाकून पाठ करून बसला.

"उपाशी लेकराले न चाखलेलं देऊन राहिले," भिंतीला सांगत होते. "माह्या घरात."

रविवार उजाडला. नवऱ्याने रात्रभर डोकं चालवलं होतं म्हणे. त्याने कपाटातून जुने मास्क काढले. निळे, कानाला दोऱ्या असलेले, करोनाच्या वेळचे उरलेले. म्हणाला, तोंड दिसलंच नाही तर तिला कळणार कसं? आत्याबाईंनीही बांधला, त्यांचा पदरावरून. मामाजींनाही गॅलरीतून बोलावून एक बांधला, कारण त्यांचं तोंड तर लांबूनही दिसतं. आणि आम्ही चौघं मास्क लावून त्या एवढ्याशा जिवाभोवती वाकलो.

आता तुम्हीच सांगा, सहा महिन्यांच्या लेकराला काय वाटेल? ऑपरेशनला घेतलं असंच वाटलं असेल तिला. तिने असा टाहो फोडला की शेजारीण पोळपाट हातात घेऊनच धावत आली. दार उघडलं तर चार मास्कवाले आणि मधे एक किंचाळणारं लेकरू. ती बिचारी "काही नाही, काही नाही," म्हणत उलट पावली गेली. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी जिन्यात जपून बोलायची.

मी वाटी खाली ठेवली. मला काही सुचेना. उद्या नळी, एवढंच डोक्यात होतं. मी रडायलाच लागले, मास्कच्या आत.

तेव्हा मामाजींनी मास्क ओढून काढला आणि कोपऱ्यात फेकला.

"बस झाला हा भैताडपणा," ते म्हणाले. "उद्या पोट्टीच्या नाकात नळी घालणार आहे ना? घाला. पण आज माह्या घरात ते न चाखलेलं खाणार नाही. दे इकडं."

तळहात वगैरे काही नाही. त्यांनी दुसऱ्या वाटीत अर्धी वाटी पावडरीचं दूध ओतलं आणि एका दमात प्यायले. रागाच्या भरात. दोन थेंबांनी ज्याची अशी गत झाली होती त्याने अर्धी वाटी.

एक क्षण काहीच झालं नाही. मग ते तोंड आलं. असं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी ते तोंड पुष्कळदा पाहिलेलं आहे. डावा डोळा मिटला, भुवई खाली आली, नाक गेलं ते गेलंच, ओठ हनुवटीवर टेकला, मिशी उभी राहिली, मान झटकताना चष्मा उडून सोफ्यावर पडला आणि मग तो लांबलचक, खापरखेड्यापर्यंत ऐकू जावा असा 'ह्याऽऽऽऽ'.

पोरीचं रडणं थांबलं. तिने मामाजींकडे पाहिलं. आणि ती हसली.

नुसतं स्मित नाही हो. आवाज करून हसली, पोट हलेपर्यंत. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. बोळकं चांगलं उघडं, जीभ बाहेर, गालाला खळी. तिला खळी पडते हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे.

"अवं, पाहून काय राहिली!" आत्याबाई माझ्या पाठीत बुक्का घालत ओरडल्या. "उघडं आहे तोंड! टाक!"

मी चमचा टाकला. गेला. पोरगी चपापली. ती चव तिला कळली, आणि तिचा डावा डोळा हळूहळू मिटला. नाक सरकलं. खालचा ओठ बाहेर आला. मान हलली. घशातून कुईं असा एक बारीक आवाज निघाला. आणि तिने ते गिळलं! मग मामाजींकडे पाहत तशीच थांबली. तोंड अर्धं उघडं.

"आता काय पाहिजे तिले?" मामाजींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारल्याचं.

"तुमची पाळी आहे," मी म्हटलं.

असं ते सुरू झालं. एक चमचा आबाजींचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, एक चमचा पोरीचा. ते तोंड करायचे, ती हसायची, मी चमचा टाकायची, ती तोंड करायची, ते हसायचे. त्या दिवशी वाटी रिकामी झाली. मी ती उलटी करून सगळ्यांना दाखवली. आत्याबाईंनी त्या वाटीचा मुका घेतला आणि मग वासाने त्यांचंही तोंड झालं, तर पोरगी आणखीनच हसली.

सोमवारी मॅडमनी विचारलं, पिते का? पिते म्हटलं, पण सोबतीला माणूस लागतो. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मामाजींनी खिशातून स्वतःचा चमचा काढला आणि तपासणीच्या खोलीतच दाखवून दिलं. मॅडम हसून हसून खुर्चीत मागे टेकल्या. नळी टळली. दोन आठवड्यांनी वजनाचा काटा वर सरकला, तेव्हा मी तिथेच, सगळ्या बायांच्या समोर, मामाजींच्या पाया पडले. ते म्हणाले, "ऊठ, पाणी दे आधी, कडू कडू होऊन राहिलं."

म्हातारा माणूस दिवसभर ते पिणार म्हणून नवऱ्याला दया आली. तो म्हणाला, बाबा, तुमच्या चमच्यात साधं पाणी घ्या आणि नाटक करा, तिला काय कळतं! मामाजींनी करून पाहिलं. डोळा मिटला, नाक सरकवलं, सगळं केलं. पोरीने टक लावून पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. ताक घेऊन पाहिलं, नाही. कारल्याचा रस घेऊन पाहिला, तो तर खरा कडू, तरी नाही. तिला बरोबर ते तोंड पाहिजे होतं, आणि ते तोंड त्या पावडरीशिवाय येत नव्हतं. खोटं तिला चालायचंच नाही. मग मामाजींनी नाद सोडला आणि रोज तिच्यासोबत प्यायले. चट्टे गेले, गाल आले, दात आले, तरी पीतच होते.

यात एक घोटाळा झाला तो वेगळाच. पावसाळ्यानंतर केव्हातरी एका सकाळी त्यांनी चमचा घेतला आणि काहीच झालं नाही. दोन्ही डोळे उघडे. आम्ही घाबरलो.

"मामाजी, काय झालं?"

"काही नाही," ते जरा ओशाळून म्हणाले. "आज बरं लागून राहिलं."

त्यांना चव लागली होती! ज्या माणसाने मेडिकलवाल्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती त्याला ते आवडायला लागलं. आता पोरीचं कसं होणार म्हणून मी डोक्याला हात लावला. पण पोरीने वाट पाहिली, पाहिली, आणि आबाजी तोंड करत नाहीत म्हटल्यावर तिने स्वतःच केलं. डावा डोळा, नाक, ओठ, सगळं रांगेने. जणू आठवण करून देत होती, असं करायचं असतं म्हणून. मग वाटीला स्वतःच तोंड लावलं.

आता ती साडेचार वर्षांची आहे. दूध सोसतं, पेढा सोसतो, आईस्क्रीम तर फारच सोसतं. डबे संपले. मामाजींना मात्र डॉक्टरांनी आता मीठ बंद केलंय, तेल बंद केलंय, आणि त्यांचं ताट पाहिलं की मलाच कसंतरी होतं. पण त्या ताटावर एक पहारेकरी बसलेला असतो. मी वाढलं की ती येऊन उभी राहते आणि तळहात पुढे करते.

"आबाजी, थांबा. मी पहिले."

चाटते, विचार करते, मान हलवते. मगच ते जेवतात. आधी मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की हा काय प्रश्न झाला.

या हिवाळ्यात आम्ही काटोलला गेलो, आत्याबाईंच्या बगीच्यात. फळांचा तोडा चालू होता. अंगणात संत्र्यांचा ढीग, आणि निवडायला शेजारची एक म्हातारी आलेली. आमच्या घरातलं तिला काही माहीत नव्हतं, आम्ही कोण, कुठचे, काहीच नाही. मामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी एक संत्रं सोललं आणि फोड तोंडाशी नेली, तोच पोरगी धावत आली.

"आबाजी, मी पहिले!"

तिने फोड घेतली आणि चावली. ते झाड आंबट असणार. डावा डोळा मिटला. नाक उजवीकडे सरकलं. खालचा ओठ बाहेर आला, मान दोनदा झटकली, आणि "ह्याऽऽ!"

म्हातारीच्या हातचं संत्रं खाली पडलं.

"अवं माय वं!" ती म्हणाली. "हे पोट्टी तं आज्यावरच गेली! काहीच फरक नाही!"

मी हातातलं काम थांबवलं. माझं सगळं लक्ष आत्याबाईंकडे. त्या बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे साऱ्या काटोलला ठाऊक आहे. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे. संत्र्याचे हात पदराला पुसले.

"मंग?" त्या म्हातारीवर खेकसल्या. "आज्यावर नाही जाईन तं कोणावर जाईन वं?"